उन्हाळ्यात ग्लायडर कधी उडवायचा? जळगाव-धुळे मंडळी, मत द्या

काळी_माती (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी,
आपल्या रिमोटच्या ग्लायडरांच्या रविवारच्या उड्डाणांबद्दल जरा स्पष्ट बोलायचंय. मार्च सरला तसा एकेक जण गळायला लागला. सकाळी सातला जमायचं हे हिवाळ्यात ठीक होतं, तेव्हाही खरं तर दहापर्यंत नुसता चहाच व्हायचा. आता बंजीने (दोरीला जोडून ताणलेल्या रबराने) ग्लायडर शंभरेक मीटर वर जातो आणि तीन मिनिटांत मुकाट खाली येतो. वर नेणारी हवा सुटते साडेदहा-अकराच्या पुढे, आणि तेव्हा पारा बेचाळीसकडे धावत असतो. सकाळी हवा मेलेली, दुपारी माणूस मेलेला.

तर प्रश्न असा की मृगापर्यंत काय करायचं? बंद ठेवायचं, वेळ बदलायची, का सपाट रान सोडून डोंगर धरायचा? शिवाय नवीन मुलं आलीत. त्यांना मोटरचा ग्लायडर घ्या म्हणायचं का बिनमोटरचा, हेही एकदा ठरू द्या. दर वेळी मैदानात तेच भांडण होतं.

माझं मत: अकरा ते एक, निंबाखाली तळ ठोकून. आता शिव्या द्यायला हरकत नाही.

शेवभाजी_स्पेशल
मी पहिला!
अकरा ते एक रसवंतीवर बैठक. उड्डाण ऐच्छिक.

भुसावळ_जंक्शन
धागाकर्त्यांचा बेत घरी वाचून दाखवला. उत्तर आलं, "जा, पण विम्याचे कागद काढून ठेवा."

थट्टा सोडा. ऊन माणसाइतकंच विमानालाही सोसत नाही. बंद गाडीत राहिलेली लिपो बॅटरी फुगते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. पंखावरची फिल्म उन्हात सैल पडते, सुरकुत्या येतात, पंखाला बारीक पीळ बसतो आणि ग्लायडर एका अंगाला ओढायला लागतो. आपण बसतो रिमोटवर ट्रिम फिरवत, सरळ करायला. गडद रंगाची फिल्म आपल्या भागात वापरूच नये. खालच्या बाजूला दिसण्यापुरता एखादा काळा पट्टा ठीक. आणि हॉट ग्लूने बसवलेले सर्व्हो (शेपटी-पंखाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) दुपारी सुटून हातात येतात, तिथे इपॉक्सीच लावा.

विज्ञानमास्तर
सकाळची हवा 'मेलेली' का, ते नव्या मुलांसाठी सांगतो. रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते, आणि त्याच्या वर तुलनेने गरम थर बसतो. हे झाकण फुटेपर्यंत खालून काही वर सुटत नाही. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला साधारण १० अंश थंड होते. तेवढी थंड होऊनही भोवतालापेक्षा गरम राहिली तरच चढत राहते. ऊन चांगलं चढल्याशिवाय हा हिशोब जमत नाही.

दुसरं, जे आपण विसरतो. १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांना हवा नऊ-दहा टक्के विरळ असते. तेवढंच वजन तोलायला वेग पाचेक टक्के जास्त लागतो. जानेवारीत ज्या संथ वेगाने वळायचा त्याच वेगाने मे महिन्यात वळायला गेलात तर आतला पंख पडणार. दुपारी उडवायचंच असेल तर नाक जरा खाली आणि वळण मोठं.

तिसरं म्हणजे ढगांची वाट पाहू नका. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला १२५ ने गुणलं की ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये अंदाजे कळते. तापमान ४२ आणि दवबिंदू १० धरा, तळ चार किलोमीटरवर येतो. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, तिथवर पोचतच नाही बहुधा. म्हणून आभाळ कोरं आणि हवा मात्र जोरदार. ऑक्टोबरात ढग पाहून थर्मल शोधता येतो, एप्रिलात नाही.

नवशिक्या_पारोळा
मग शोधायचा कसा सर?

केळीवाला_रावेर
मास्तरांना दंडवत. शोधायचं मी सांगतो, आमचं सगळं आयुष्य वावरातच गेलं.

नांगरून तापत पडलेलं काळं वावर पहिलं बघा, त्यातही ज्याच्या शेजारी हिरवं पीक आहे असं. गरम हवा बहुतेक वेळा त्या बांधाच्या आसपास सुटते. वावटळ उठली म्हणजे थर्मल डोळ्यांनी दिसला, पण लहान ग्लायडर तिच्या बुडात घालू नका, मोडेल. वर सावकाश आणि थोडं वाऱ्याच्या दिशेने सरकून गाठा. आणि केळीच्या बागेवर जाऊच नका. पाणी दिलेली बाग थंड असते, तिच्यावरून ग्लायडर नेला की खाली बसतोच. शिवाय तो बागेत पडला तर शोधणं वेगळं. पानांच्या छपराखाली विमान गेलं की बापालाही दिसत नाही. पडलेलं विमान आवाजाने सापडावं म्हणून बझर लावल्याशिवाय माझ्या शेताकडे यायचं नाही, हा कायदा समजा.

घारनजर
केळीवाल्या भाऊंना +१. भर एवढीच, की एका काठीला चुरमुऱ्याच्या पिशवीची पातळ पट्टी बांधून मैदानात रोवून ठेवा. थर्मल जवळून जात असला की वारा त्याच्याकडे ओढला जातो. पट्टी एकदम दिशा बदलते किंवा ढिली पडते, गालालाही बदल जाणवतो. पट्टी जिकडे वळली तिकडे ग्लायडर न्यायचा. वरती गेल्यावर जो पंख आपोआप उचलला जातो त्या बाजूला वळायचं. नवीन माणूस नेमका उलटं करतो, कारण ग्लायडर आपसूक ज्या बाजूला कलतो तिकडेच त्याला जाऊ देतो.

आणि घार. पंख न हलवता गोल फिरणारी घार दिसली की तिच्या खाली जाऊन वळायला लागायचं. तिचा अंदाज चुकत नाही.

शेवभाजी_स्पेशल
घारीचा अंदाज चुकत नाही, पण स्वभाव? माझ्या फोमच्या ग्लायडरवर नख्यांच्या खुणा आहेत अजून.

घारनजर
ते घरटं जवळ असताना होतं. अंगावर आली तर पळत सुटायचं नाही, सरळ खाली उतरवायचं. तिचं घर, आपण पाहुणे.

अहिराणी_भो
आते अखाजी (अक्षय तृतीया) जोडे उनी भो. पोरीसोरी झोका खेळतीन का तुमना इमान देखतीन? पन एकदाव आमना गावमा बी या. वावर मोकळं शे, तार नही, खांब नही.

काळी_माती
@अहिराणी_भो, येतो. पण गाव कुठलं ते तरी सांगा.

अहिराणी_भो
साक्री तालुका. वारा मोजाले नको, पंखा फिरी राह्यनात ना समोर.

डोंगरदऱ्या
साक्रीचा विषय निघालाच आहे तर डोंगराचं बोलू. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाहून सगळ्यांना वाटतं की स्लोप सोअरिंगला, म्हणजे डोंगराला धडकून वर उचलल्या जाणाऱ्या वाऱ्यावर तरंगायला, खान्देश म्हणजे स्वर्ग. मलाही वाटायचं. नकाशा काढून बसलो तेव्हा लक्षात आलं की घोळ कुठे आहे.

स्लोपला वारा डोंगराला शक्यतो काटकोनात लागला पाहिजे, तीसेक अंश इकडे-तिकडे चालतं. आपल्याकडे उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, दोन्ही पूर्व-पश्चिम पसरलेल्या, मधून तापी पश्चिमेला वाहते. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे रांगांच्या लांबीने. कन्नड घाटाचा एवढा मोठा कडा, पण तोंड उत्तरेला. पश्चिमेचा वारा त्याला घासून निघून जातो, वर उचलला जात नाही.

धुळे-नंदुरबारच्या डाइकचं तर अजून वाईट वाटतं. लाव्हा भेगांत घुसून थिजला, आजूबाजूचा खडक झिजला आणि मैलोन् मैल भिंतीसारख्या टेकड्या उभ्या राहिल्या. स्लोपवाल्याने मागून घ्याव्यात अशा. पण त्यांचीही बहुतेकांची दिशा पूर्व-पश्चिमच! वाऱ्याला आडवी एकही भिंत बांधली नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून रांग नको, रांगेतून बाहेर आलेली सोंड किंवा सुटी टेकडी शोधायची, जिचं पश्चिमेचं अंग मोकळं आणि उभट आहे. अशा जागा धुळे तालुक्यात आहेत. वारा ताशी पंधरा ते पंचवीस किलोमीटर असला की झकास. ग्लायडर तासभर वर राहतो, मोटर नाही, बंजी नाही. १९११ साली ऑरव्हिल राइटने किटी हॉकच्या वाळूच्या टेकडीवर असाच वारा धरून ९ मिनिटं ४५ सेकंद काढली होती, तीही आत बसून. आपण तर खाली उभे असतो.

विज्ञानमास्तर
उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. एकच जोड: टेकडीच्या माथ्यामागे उतरवू नका नव्या लोकांनो. माथ्यामागे हवा गुंडाळते आणि ग्लायडर आपटतो. माथ्यावरच थोडं पुढे, गवतात उतरवायचा.

खुसपट_काका
सगळे आनंदात आहेत म्हणून मी येतो. कायदा कुणी वाचलाय का?

२०२१ च्या ड्रोन नियमांत आपल्यासाठी 'मॉडेल' हा प्रकार आहे: २५ किलोपर्यंत, शिकणं-संशोधन-करमणूक यासाठी, आणि नजरेच्या टप्प्यात. ठीक. पण नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे एरवी मोकळ्या, क्षेत्रातही १२० मीटरच्या वर जायला परवानगी लागते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा ६० मीटर. आठच्या आत तर जमिनीपासूनच परवानगी. आता मोजा: जळगावचं विमानतळ, धुळ्याचं गोंदूर, शिरपूरची धावपट्टी. तिन्हीकडे शिकाऊ वैमानिकांची विमानं फिरतात. भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी, तिकडे नावच नको. सरकारच्या डिजिटल स्कायचा नकाशा उघडून जागा बघितल्याशिवाय मी तरी बंजी ताणणार नाही.

आणि लळिंगकडे जाणाऱ्यांनो, किल्ल्याभोवतीचं कुरण वनखात्याचं आहे. विचारल्याशिवाय घुसू नका. एप्रिलात वाळलेल्या गवतात लिपो पडून पेटली तर काय होईल ते सांगायला नको.

भुसावळ_जंक्शन
काका, थर्मलला १२० मीटर कळतात का?

खुसपट_काका
थर्मलला नाही, पण तुमच्या ग्लायडरला एअरब्रेक आहेत आणि तुम्हाला डोकं. उंची बोलून सांगणारा व्हॅरिओ मिळतो, तो बसवा. शंभरला कानात आवाज आला की फ्लॅप टाका किंवा थर्मलमधून बाहेर पडा. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या मोठ्या तारांपासूनही लांब. तारेवर अडकलेलं विमान काढायला चढायचं नसतं, ते तिथेच सोडून द्यायचं असतं.

लग्नाचा_ड्रोन
तुमच्याकडे लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन भाड्याने मिळेल का? तारीख मे महिन्यातली आहे.

शेवभाजी_स्पेशल
आमच्या विमानाला कॅमेरा नाही, मोटर नाही, आणि परत येईल याची खात्री नाही. नवरदेवाला चालेल का विचारा.

पुणेरी_खान्देशी
धागा वाचून गावाची आठवण आली. तुम्ही भाग्यवान. इथे मैदानासाठी तासभर गाडी चालवावी लागते. एक शंका, तुमच्या हिवाळी बैठकीत अजून भरीत होतं का? आणि वांगी बामणोदची का असोद्याची?

केळीवाला_रावेर
होतं. काट्यांवर भाजून, वावरातच. वांग्याच्या गावावरून इथे भांडण लावू नका, मागच्या वेळी त्यापायी दोन जण महिनाभर बोलत नव्हते.

काळी_माती
भरीत डिसेंबरात बोलू. मोटरचं कुणीच बोललं नाही अजून.

चोपड्याची_ताई
मी बोलते. मी शाळेत शिकवते, सहावी-सातवीच्या मुलींना हाताने फेकायचे ग्लायडर करायला देते. पॅकिंगचा थर्माकोल, बांबूची काडी, नाकाला मातीचा गोळा. पहिल्या तासाला सगळ्यांचे नाक आपटतात किंवा शेपटीवर बसतात. मग पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक-तृतीयांश अंतरावर बोट ठेवून तोल साधायला सांगितलं की दोन बाकांपलीकडे जायला लागतात. मोटर लावलेलं खेळणं दिलं असतं तर तोल काय असतो हे कुणीच शिकलं नसतं. दोष मोटरच्या जोरात झाकला जातो.

त्यामुळे माझं मत बिनमोटरचं. आणि मैदानावर मुलींना येऊ द्या. मागे दोघी आल्या तर त्यांना "बाळ, लांब उभी राहा" एवढंच ऐकायला मिळालं. रिमोट कुणी हातात दिला नाही.

घारनजर
ताई, हे चुकलंच आमच्याकडून. ट्रेनर कॉर्ड आहे मंडळाकडे, दोन रिमोट जोडता येतात. यावेळी त्यांना आधी उडवू देऊ.

मोटरवाला_अमळनेर
तोलाचं ताईंचं म्हणणं मान्य, पण निष्कर्षाला विरोध. बंजीला रबर तीस मीटर, दोरी शंभराच्या वर, म्हणजे दीडशे मीटर मोकळी जागा हवी. ती खरिपात कुठे आहे? जूनपासून कपाशी, मका उभा. आणि कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्या उभ्या असतात, त्यांनी फिल्म फाटते. एकटा माणूस बंजीवर किती वेळा दोरी गोळा करत धावेल? मोटर म्हणजे फक्त वर जाण्याचा जिना. वर गेलं की बंद.

जागतिक स्पर्धांमध्येही मोटरच्या ग्लायडरचा एफ५जे हा प्रकार असाच आहे. मोटर जास्तीत जास्त तीस सेकंद चालवायची, मग दहा मिनिटांच्या वेळेत जितकं टिकता येईल तितकं टिकायचं. मोटर ज्या उंचीला बंद केली त्याचे गुण कापले जातात: दोनशे मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा, वर गेलात तर दर मीटरला तीन. म्हणजे खालून जो थर्मल शोधेल तोच जिंकेल. याला कुणी फसवणूक म्हणेल का?

चोपड्याची_ताई
दर मीटरला गुण कापतात हे माहीत नव्हतं. हे आवडलं. आपल्याकडेही असं करून पाहू: मोटर चालेल, पण जो सर्वांत खाली बंद करून सर्वांत जास्त वेळ टिकेल त्याला शाबासकी.

डीएलजी_नंदुरबार
दोघांच्या भांडणात तिसरा पर्याय: हाताने फिरवून फेकायचा डीएलजी. पंखाच्या टोकाला धरून थाळीफेकीची गिरकी घ्यायची. स्पर्धेच्या एफ३के प्रकारात पंखाची लांबी दीड मीटरपर्यंत, वजन सहाशे ग्रॅमपर्यंत, पण लोक तीनशेच्या आसपासच ठेवतात. चांगला फेकणारा चाळीस-पन्नास मीटरवर पोचवतो. मोटर नाही, दोरी नाही, क्रिकेटचं मैदानही पुरतं. तोटा एकच, खांदा दुखतो. आणि गिरकी घेताना मागे कुणी उभं नाही हे बघा.

शेवभाजी_स्पेशल
बेचाळीस अंशांत गिरक्या. थर्मल सापडेल का माहीत नाही, चक्कर नक्की सापडेल.

खुसपट_काका
वेळेच्या प्रश्नाचं काय झालं? भरीत, ड्रोन, गुण सगळं झालं.

केळीवाला_रावेर
माझं सांगतो. दुपारचा नाद सोडा. साडेचारनंतर या. दुपारच्या थर्मलमध्ये दणके असतात, मधेच जोरात खाली ढकलतं. संध्याकाळी काळी जमीन, गावची घरं, झाडी दिवसभराची धग हळूहळू सोडतात, आणि तेव्हाची हवा रुंद आणि मऊ असते. वर नेत नाही फार, पण धरून ठेवते. सूर्य मावळायला सात वाजत आलेले असतात, दोन तास निवांत मिळतात. नव्या माणसाला शिकवायला याहून चांगली वेळ नाही. बारा वाजता शिकायला लावलं तर पोरं परत येणार नाहीत.

मोटरवाला_अमळनेर
पण संध्याकाळी वारा पश्चिमेचा आणि सूर्यही पश्चिमेला. बंजी वाऱ्याच्या तोंडावर सोडायची म्हणजे थेट सूर्याकडे बघत. सूर्यावरून ग्लायडर गेला की दोन सेकंद काहीच दिसत नाही, तेवढ्यात काम होतं.

घारनजर
बरोबर. म्हणून बंजीचा खुंटा नैर्ऋत्येला ठोकायचा, थोडा तिरका वारा चालतो. हुकमधून सुटला की लगेच पूर्वेकडच्या आभाळात न्यायचा, पाठ सूर्याकडे. फक्त थर्मलबरोबर पूर्वेला वाहवत जाऊ देऊ नका, परत येताना वारा तोंडावर असतो. टोपी आणि गॉगल सक्तीचे.

डोंगरदऱ्या
मला चालेल. मृगाचा वारा सुरू झाला की महिन्यातून एक रविवार टेकडीचा ठेवा म्हणजे झालं. जागेचा नकाशा काकांना आधी पाठवतो, ते हिरवं म्हणाले तरच.

काळी_माती
ठीक, माझा अकरा ते एकचा ठराव बहुमताने पडला. मे अखेरपर्यंत रविवारी साडेचार, नेहमीच्या वावरात. मालकांची परवानगी आहे, पण बांधावरून गाड्या नेऊ नका, ठिबकच्या नळ्या आहेत. मोटरवाले आणि बंजीवाले दोघं या, ताईंच्या पद्धतीने गुण लावू. उंची मोजायचं यंत्र अमळनेरकडून. बंजीचं रबर जुनं झालंय, ताणल्यावर बारीक चिरा दिसतात. तुटून तोंडावर आलं तर डोळा जाईल. नवं कोण आणतंय?

भुसावळ_जंक्शन
रबर माझ्याकडे. खुंटाही मोठा आणतो.

चोपड्याची_ताई
मी चार मुलींना घेऊन येते. पालकांना विचारून झालंय. त्यांच्यासाठी सावलीची काही सोय?

काळी_माती
निंब आहे. शिवाय शेतमालक ताडपत्री बांधून देतो म्हणाले.

नवशिक्या_पारोळा
मीही येतो. माझ्याकडे अजून काहीच नाही, काय आणू?

घारनजर
पाणी दोन लिटर आणि टोपी. विमान आमचं उडव.

अहिराणी_भो
ठेचा-भाकर मी लई येसू. रबर ताणाले माले बी देजात भो.